घरासाठी एलईडी स्ट्रिप लाईट घेताय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधी स्वतःच्या फ्लॅटचं आणि मग बहिणीच्या घराचं लायटिंग उभं राहून करून घेतलं, तेव्हापासून नातेवाईक, सोसायटीतले लोक, त्यांचे मित्र असे सगळे मला स्ट्रिपबद्दल विचारत असतात, गणपती-दिवाळीच्या आधी तर रोजच. प्रश्न साधारण तेच तेच असतात म्हणून इथे एकत्र लिहिलेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर नंबर दिलाय, तिकडे जाऊन बघा.

१. स्ट्रिप लाईट म्हणजे नक्की काय? दिवाळीच्या माळेसारखंच ना?

नाही. माळ शोभेची असते, स्ट्रिप उजेडासाठी. आठ-दहा मिलिमीटर रुंदीची वाकणारी पातळ पट्टी असते, तिच्यावर बारीक बारीक एलईडी चिकटवलेले असतात, मागे टेप असते आणि साधारण ५ मीटरचा रोल मिळतो. ती थेट बोर्डात लावायची नसते, मधे ड्रायव्हर लागतो, जो घरातल्या २३० व्होल्टचे १२ किंवा २४ व्होल्ट डीसी करतो. म्हणजे तुम्ही तीन गोष्टी विकत घेताय, पट्टी, ड्रायव्हर आणि पट्टी बसवायची पन्हळ (दुकानात प्रोफाईल म्हणतात). लोक सगळं डोकं पट्टीवर लावतात आणि बाकीचे दोन वायरमन आणेल ते घेतात, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

२. हॉलमधे फक्त स्ट्रिपवर भागेल का? ट्यूब काढून टाकू?

भागेल पण वीज जास्त खाईल. १० बाय १२ च्या खोलीत चारी बाजूंनी कोव्ह (छताच्या कडेने पट्टी लपवायला केलेली खाच) केला तर साधारण १२ मीटर पट्टी लागते, मीटरला १० वॅट धरले तर १२० वॅट झाले. पट्टीचा उजेड आधी छतावर आपटतो आणि मग खाली येतो, त्यात बराचसा तिथेच जिरतो. तेवढ्याच खोलीत २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब म्हणजे ४० वॅटमधे वाचण्याइतका उजेड पडतो. म्हणून माझं म्हणणं असं की ट्यूब किंवा पॅनल कामासाठी राहू द्या, अभ्यास, शिवण, भाजी निवडणं यासाठी, आणि स्ट्रिप संध्याकाळच्या बसण्यासाठी, दोन्हीची बटणं वेगळी. घरात वयस्कर माणसं असतील तर हे ऐकाच, त्यांना छतावरून येणाऱ्या मऊ उजेडात पेपर वाचताना त्रास होतो.

३. १२ व्होल्ट घेऊ, २४ घेऊ की डायरेक्ट २३० वाली? वायरमन म्हणतो २३० वालीला ड्रायव्हर लागत नाही, स्वस्त पडते.

घरात आत आणि हात पोचेल अशा जागी २३० वाली नको. त्या पट्टीत पूर्ण २३० खेळत असतात, सिलिकॉन कुठे फाटलं किंवा कापलेल्या टोकाची टोपी निघाली तर सरळ शॉक. शिवाय तिचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, डोळ्यांना कळत नाही पण मोबाईलच्या कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसतात, काहींचं डोकं दुखतं. कापायचं तरी बहुतेक पट्ट्या मीटर-मीटरलाच कापता येतात.

१२ आणि २४ मधे: एखाद-दोन मीटरचं काम असेल, कपाट, देवघर, शेल्फ, तर १२ पुरे. कोव्ह किंवा पाच मीटरच्या पुढचं काहीही असेल तर २४ घ्या. तेवढ्याच वॅटला २४ मधे करंट निम्मा लागतो, त्यामुळे टोकाला उजेड मंद पडण्याचा त्रास खूप कमी होतो (हिशोब प्रश्न १० मधे दिलाय). फक्त एक लक्षात ठेवा, १२ ची पट्टी २४ च्या ड्रायव्हरला लावली तर काही क्षणात जळते, म्हणून घरात दोन्ही असतील तर ड्रायव्हरवर मार्करने मोठा आकडा लिहून ठेवा.

४. ३५२८, २८३५, ५०५०, सीओबी, हे आकडे काय आहेत?

आकडे म्हणजे एलईडीच्या चौकोनाचं माप, २८३५ म्हणजे २.८ बाय ३.५ मिलिमीटर, ५०५० म्हणजे ५ बाय ५. मोठा आकडा म्हणजे चांगला माल असं अजिबात नाही. ३५२८ जुनी, आता घेऊ नका. पांढऱ्या किंवा पिवळ्या उजेडासाठी २८३५ उत्तम. ५०५० मधे एकाच एलईडीत तीन चिप बसतात म्हणून ती रंग बदलणाऱ्या आरजीबी पट्टीत जास्त दिसते. सीओबीमधे मीटरला ३०० च्या वर बारीक चिप असतात आणि वरून पिवळा थर, त्यामुळे ठिपके न दिसता सलग रेघ दिसते. जिथे पट्टीच डोळ्यासमोर येणार आहे तिथे सीओबीचे जास्तीचे पैसे वसूल होतात, कोव्हमधे लपणार असेल तर २८३५ वरच थांबा.

५. किती वॅटची घेऊ? दुकानदार म्हणतो १२० एलईडीवाली घ्या, दुसरा म्हणतो २४० वाली.

एलईडी मोजू नका, मीटरला किती वॅट आणि किती ल्युमेन (उजेडाचं माप) ते विचारा. चांगल्या पट्टीत एका वॅटला ९०-१०० ल्युमेन मिळतात. देवघर, शोकेस, कपाट, पायऱ्या यांना मीटरला ५ वॅट भरपूर. कोव्हला १० ते १२. ओट्यावर १० ते १५, कारण तिथे सुरी चालते. बेडरूमच्या कोव्हला ७-८ वॅटमधे होतं, जास्त घेतलं तर रात्री खुपतं आणि मग लोक ती लावतच नाहीत.

१० वॅटच्या पुढे गेलात की अॅल्युमिनियमची पन्हळ लागतेच, नाहीतर उष्णता जायला वाट नाही. एक तास चालू ठेवून पट्टीला बोट लावून बघा, टेकवून ठेवता येत नसेल तर ती लवकर मंद होणार.

६. पिवळा लाईट की पांढरा? घरात यावरून भांडणं आहेत.

सगळ्यांच्याच घरात आहेत! डब्यावर तीन आकडे दिसतात: ३००० केल्विन म्हणजे वॉर्म, पिवळसर, ४००० म्हणजे नॅचरल, ६५०० म्हणजे कूल, निळसर पांढरा. आपल्याकडची मोठी माणसं ट्यूबलाईटच्या पांढऱ्या उजेडात वाढलीत, त्यांना ३००० म्हणजे अंधार वाटतो, आणि मुलांना ६५०० म्हणजे दवाखाना वाटतो.

माझा अनुभव, हॉल-बेडरूमच्या कोव्हला ३०००, ओटा, आरसा आणि अभ्यासाच्या टेबलाला ४०००. ६५०० मी फक्त टीव्हीच्या मागे लावतो, कारण स्क्रीनचा पांढरा तेवढ्याचाच धरलेला असतो आणि मागचा उजेड जुळला की चित्राचे रंग बरोबर दिसतात. एका खोलीत एकाच वेळी पिवळा आणि निळसर पांढरा मात्र लावू नका, भिंत अर्धी मळकी वाटते. फारच वाद असेल तर दोन्ही रंग असलेली, रिमोटवर बदलणारी पट्टी मिळते, तिला सीसीटी म्हणतात, तिचा कंट्रोलर वेगळा लागतो.

७. सीआरआय खरंच बघायला पाहिजे का?

ओटा, आरसा, कपाट आणि जेवणाचं टेबल इथे हो. सीआरआय म्हणजे त्या उजेडात वस्तूचे रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी मार्क. ८० म्हणजे चालेल, ९० च्या वर म्हणजे चांगलं. स्वस्त पट्टीत लाल रंग मार खातो, टोमॅटो विटकरी दिसतो, कोकमाचं सार मळकट दिसतं, लग्नाला काढलेला कुंकू रंगाचा शालू कपाटात तपकिरी वाटतो. दुकानात पट्टी लावायला सांगा आणि स्वतःचा तळहात खाली धरा, तळहात गुलाबी दिसला तर घ्या, करडा-हिरवट दिसला तर डब्यावर काहीही छापलेलं असो, परत ठेवा.

८. ड्रायव्हर किती वॅटचा घ्यायचा?

एकूण मीटर गुणिले मीटरचे वॅट, आणि वर निदान २० टक्के मोकळे. ५ मीटर, १० वॅटची पट्टी म्हणजे ५० वॅट, तर ६० चा ड्रायव्हर घ्या. प्रश्न २ मधला हॉल १२० वॅटचा, त्याला १५० चा एक घेण्यापेक्षा ७५ चे दोन घ्या आणि दोन्हीकडे सहा-सहा मीटर वाटून द्या, एक गेला तर निम्मा हॉल तरी चालू राहतो.

ड्रायव्हर अगदी काठोकाठ घेतला की तो तापतो, आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) वाळतो आणि पट्टी लुकलुकायला लागते, मग लोक पट्टी बदलतात आणि दोष तसाच राहतो. ड्रायव्हरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि R ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी नंबर बघून घ्या. जाळीवाला पत्र्याचा ड्रायव्हर स्वस्त असतो पण त्याचे २३० चे स्क्रू उघडे असतात, तो बंद पेटीत ठेवणार असाल तरच घ्या. पैसे वाचवायचेच असतील तर पट्टीत वाचवा, ड्रायव्हरमधे नको.

९. ड्रायव्हर कुठे ठेवायचा? पीओपीच्या वर टाकला तर दिसणार नाही.

दिसणार नाही हे खरं, पण हातालाही लागणार नाही. आमच्या पहिल्या घरात ठेकेदाराने तो जिप्सम बोर्डाच्या वर टाकून वरून बोर्ड बंद केला, आम्हीही चकचकीत छत बघून खूश झालो. दुसऱ्या वर्षी ड्रायव्हर गेला आणि तो शोधायला दोन ठिकाणी छत कापावं लागलं, मग परत पुट्टी, परत रंग, आणि रंगाची छटा काही जुळली नाही ती नाहीच. आईला त्या डागाचं फार वाईट वाटायचं, पाहुणे आले की तिची नजर तिकडेच जायची. म्हणून हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो, पट्टी टिकते, आधी जातो तो ड्रायव्हर, त्यामुळे तो असा ठेवा की शिडीवर चढून दहा मिनिटांत बदलता येईल.

जागा: कोव्हच्याच पोकळीत, बटणांच्या बोर्डाजवळच्या कपाटाच्या डोक्यावर, माळ्यावर, किंवा छतातच ठेवायचा तर एक फूट बाय एक फूट उघडणारी झडप करून. थर्माकोल, इन्सुलेशन, कपड्यांचे गठ्ठे यांच्याखाली नको, त्याला हवा लागते.

१०. ड्रायव्हरपासून पट्टीपर्यंत कुठली वायर?

इथे लोक बारीक लाल-काळी स्पीकरची वायर लावतात आणि फसतात. हिशोब करून बघू. ७२ वॅटची १२ व्होल्ट पट्टी म्हणजे ६ अँपिअर. ड्रायव्हर ५ मीटर लांब, १ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, जाऊन-येऊन १० मीटर, रेझिस्टन्स साधारण ०.१८ ओहम, म्हणजे एक व्होल्टच्या वर वायरीतच गेला, १२ मधला नऊ टक्के. तीच पट्टी २४ ची असती तर करंट ३, नुकसान अर्धा व्होल्ट, दोन टक्के आणि थोडं वर. म्हणून २४ व्होल्ट आणि १ किंवा १.५ ची वायर, आणि १२ व्होल्ट वापरायचंच असेल तर लांब अंतराला २.५ ची. ड्रायव्हर जितका पट्टीजवळ तितकं बरं, २३० ची वायर लांब नेली तरी फरक पडत नाही, १२ ची नेली की पडतो.

११. पट्टी सुरुवातीला झगझगीत आणि शेवटी मंद आहे. माल खराब आहे का?

बहुतेक वेळा माल ठीक असतो, जोडणी चुकलेली असते. पट्टीतलं तांबं कागदासारखं पातळ असतं, त्यातून करंट जाता जाता व्होल्टेज कमी होत जातं. ५ मीटरच्या रोलच्या टोकाला दुसरा ५ मीटरचा रोल जोडला की हे हमखास होतं. प्रत्येक रोलला ड्रायव्हरपासून स्वतःची वायर द्या, किंवा त्याच रोलच्या दोन्ही टोकांना सप्लाय द्या, किंवा वायर मधे जोडा म्हणजे दोन्हीकडे अडीच-अडीच मीटरच राहते. तरीही सुरुवातच मंद असेल तर वायर बारीक आहे, प्रश्न १० बघा.

आरजीबीमधे शेवटचा पांढरा तांबूस दिसतो तेही यामुळेच, लाल एलईडीला २ व्होल्टच्या आसपास पुरतात पण हिरव्या-निळ्याला ३ लागतात, व्होल्टेज घसरलं की आधी ते दोघं मंद होतात.

१२. कुठेही कापली तर चालते?

नाही, कात्रीची खूण किंवा रेघ असते तिथेच, तांब्याच्या ठिपक्यांच्या बरोबर मधोमध. १२ व्होल्टच्या ६० एलईडीवाल्या पट्टीत दर तीन एलईडीला म्हणजे ५ सेंटीमीटरवर खूण येते, २४ मधे दर सहाला म्हणजे १० वर. खूण सोडून कापली तर तेवढा गट लागत नाही, बाकीची पट्टी चालू राहते. त्यामुळे कोपऱ्याची मापं आधी घ्या, चार-पाच सेंटीमीटर अंधार राहिला तर कोव्हमधे कळत नाही पण आरशाच्या चौकटीत लगेच दिसतो.

१३. जोडायला क्लिप वापरू की सोल्डर?

सोल्डर. क्लिप आज चालते आणि पावसाळ्यात सैल होते, मग पट्टीवर टकटक केलं की लागते असा प्रकार सुरू होतो. बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न, दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचा नाही, वर हीट श्रिंकची (तापवली की आवळणारी) नळी. काटकोनात वळवताना पट्टी घडी घालून दुमडू नका, तांबं तडकतं, कापून वायरीने वळण घ्या. अधिक-उणे उलटं झालं तर एकरंगी पट्टी नुसती लागत नाही, घाबरू नका, उलटवून बघा.

१४. पीओपी अजून व्हायचंय. ठेकेदाराला काय सांगू?

हा प्रश्न वेळेत विचारणारे फार कमी, त्यामुळे सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट, कोव्हच्या ओठाच्या वर आणि मूळ छताच्या खाली निदान चार इंच मोकळी जागा पाहिजे, सहा मिळाली तर फार छान. दोन-अडीच इंचच सोडले तर छतावर पट्टीलगत एक झगझगीत रेघ पडते आणि खोलीत उजेड पसरतच नाही. उंची कमी असेल म्हणून लोक इथे इंच वाचवतात, मग त्यापेक्षा कोव्ह करूच नका, भिंतीवर पडद्यामागे पट्टी लावा, पडद्याच्या चुण्यांवरून उतरणारा उजेड दिसायला कितीतरी चांगला असतो.

दुसरं, खाली सोफ्यावर बसून आणि दारात उभं राहून, दोन्ही ठिकाणांहून पट्टी दिसता कामा नये. ओठ दोन इंच उभा ठेवला की साधारण लपते. रंग लावायच्या आधी संध्याकाळी एक रोल नुसता कोव्हमधे ठेवून, लावून बघायला सांगा, हे दहा मिनिटांचं काम आहे.

तिसरं, कोव्हच्या आतला भाग आणि छत मॅट पांढऱ्या रंगाचं. चमकदार रंग लावला तर छतात ठिपक्यांचं प्रतिबिंब दिसतं, आणि आतून क्रीम किंवा गुलाबी लावला तर उजेडच तसा होतो. चौथं, ड्रायव्हरची जागा आणि झडप (प्रश्न ९), आणि प्रत्येक बाजूला वेगळी वायर (प्रश्न ११). पाचवं, बसवायच्या आधी पोकळी ब्रशने आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या, का ते पुढच्या प्रश्नात.

१५. पट्टी सारखी सुटून खाली लोंबते. काय लावू?

पीओपी आणि जिप्समच्या भुकटीवर कुठलीच टेप धरत नाही, त्यात पट्टी गरम होते आणि गोंद सैल पडतो. फेविक्विक लावू नका, ते कडक होतं आणि पट्टी निघताना तांब्यासकट निघते. सगळ्यात टिकाऊ म्हणजे अॅल्युमिनियमची पन्हळ स्क्रूने बसवायची आणि पट्टी तिच्यात चिकटवायची, अॅल्युमिनियम थिनर किंवा स्पिरिटने पुसून घेतलं तर टेप वर्षानुवर्षं राहते. कोव्हमधे पट्टी दिसत नाही, तिथे झाकण नसलेली साधी पट्टी-पन्हळही चालते.

१६. पन्हळीवर पांढरं झाकण लावलं तरी ठिपके दिसतात.

दोन एलईडीमधलं अंतर आणि एलईडीपासून झाकणापर्यंतची खोली यांचा मेळ बसला पाहिजे. मीटरला ६० असतील तर अंतर जवळजवळ १७ मिलिमीटर, १२० असतील तर ८ च्या थोडं वर. खोली निदान तेवढी हवी. बाजारातली नेहमीची पन्हळ ७-८ मिलिमीटर खोल असते, तिच्यात ६० वाली टाकली की ठिपके येणारच. एकतर २४० वाली किंवा सीओबी टाका, नाहीतर खोल पन्हळ घ्या.

१७. ओट्यावर पट्टी कुठे लावायची? सुतार म्हणतो कपाटाखाली मागे, भिंतीजवळ.

पुढे लावा, कपाटाच्या पुढच्या कडेला, तोंड थोडं भिंतीकडे. मागे लावली तर टाईल्स उजळतात आणि तुमच्या हाताखाली, जिथे खरं चिरायचं असतं, तिथे अंधार राहतो. आपल्याकडे ओटा बहुतेक काळ्या ग्रॅनाईटचा, पॉलिश केलेला, त्यात आरशासारखी पट्टी दिसते, म्हणून इथे सीओबी आणि दुधी झाकण दोन्ही घ्याच. झाकणामुळे फोडणीचा तेलकट थरही पुसता येतो, उघड्या पट्टीवर तो बसला की निघत नाही. शेगडीच्या बरोबर वर पट्टी नको, तिथे चिमणीचा लाईट असतो. रंग ४०००, सीआरआय ९० च्या वर, कारण हळद पडलीये की तिखट हे झाऱ्यावर दिसलं पाहिजे.

१८. देवघरात आणि गणपतीच्या मखरात कशी लावू?

देवघरात २७०० किंवा ३०००, मीटरला ५ वॅटच्या आत. ज्योतीचा रंग २००० केल्विनच्या आसपास असतो, शेजारी ६५०० लावलं तर समई विझल्यासारखी वाटते. पट्टी मूर्तीच्या मागे किंवा चौकटीच्या आतल्या कडेला लपवा, उभं राहून आरती करताना ती डोळ्यांत येत असेल तर जागा बदला. उदबत्तीची काजळी बसते म्हणून सिलिकॉन चढवलेली घ्या, ती पुसता येते.

मखराचं मात्र काळजीपूर्वक ऐका. २०१८ पासून राज्यात थर्माकोल बंद झाला म्हणून आता कापड, पुठ्ठा, कागदी फुलं यांची मखरं होतात, आणि ती पेटणारीच आहेत. उरलेली पट्टी गुंडाळी करून मखरामागे ठेवून देतात आणि ती चालू असते, त्या गुंडाळीची उष्णता आतच कोंडते, पट्टी वितळते. उरलेली कापून टाका. २३० वाली मखरात नको. ड्रायव्हर कापडाखाली न ठेवता बाहेर, लादीवर, आणि रात्री झोपताना बंद, अखंड ठेवायची ती समई, पट्टी नव्हे.

१९. बाथरूम, बाल्कनी, कोकणातलं घर, तिथे कुठली?

डब्यावर आयपीचा आकडा असतो, पाणी आणि धूळ किती अडते ते तो सांगतो. आयपी २० म्हणजे उघडी, फक्त कोरड्या खोलीत. ६५ वरून सिलिकॉन, शिंतोडे चालतात, बाथरूमच्या आरशाला पुरते, ड्रायव्हर बाथरूमच्या बाहेर. ६७ पूर्ण नळीत, बाल्कनीला ही घ्या. पण कापलं की तिथला आकडा संपला, टोकाला सिलिकॉन भरून टोपी लावायलाच हवी. स्वस्त एपॉक्सीवाली उन्हात पिवळी पडते आणि तडकते, म्हणून सिलिकॉनचीच आहे ना ते विचारून घ्या. समुद्राजवळच्या घरात खारी हवा सोल्डरच्या जोडांवर हिरवा थर चढवते, तिथे घरात आतसुद्धा ६५ घ्या आणि जोड कमीत कमी ठेवा.

२०. पंख्याचा रेग्युलेटर लावून उजेड कमी-जास्त करता येईल?

नको. साधा ड्रायव्हर रेग्युलेटरवर गुणगुणतो, लुकलुकतो आणि जातो. ड्रायव्हर आणि पट्टीच्या मधे १२-२४ व्होल्टचा छोटा डिमर लावा, किंवा भिंतीवरच्या डिमरवर चालणारा खास ड्रायव्हर घ्या, त्यावर तसं लिहिलेलं असतं. स्वस्त डिमर उजेड कमी केला की फडफडतो, घेताना मंद करून मोबाईलच्या स्लो मोशनमधे बघा.

२१. रंगीत, वायफायवाली घेऊ का? मुलं मागे लागलीत.

मुलांच्या खोलीत घ्या, हौस आहे. पण नुसती आरजीबी घेऊ नका, तीन रंग मिसळून केलेला पांढरा निळसर आणि फिका येतो, आरजीबीडब्ल्यू घ्या म्हणजे खरा पांढरा वेगळा मिळतो. रंग धावणारी, एकेक एलईडी वेगळा चालणारी ५ व्होल्टची पट्टी खूप करंट घेते, मीटरला ६० असतील आणि सगळे पूर्ण पांढरे लावले तर साडेतीन अँपिअर मीटरला, त्यामुळे दर दोन मीटरला सप्लाय द्या. वायफाय कंट्रोलर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, जोडला जात नसेल तर आधी राऊटरमधे ते बघा. आणि अॅपमधे लाईट गेल्यावर परत आली की काय करायचं ती सेटिंग बंदवर ठेवा, नाहीतर पहाटे तीनला लाईट येते आणि सगळी खोली उजळते.

टीव्हीच्या यूएसबीवर लावणार असाल तर तिथे साध्या पोर्टला अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॅटच मिळतात, दोन मीटर झगझगीत पट्टी त्यावर ओढू नका, वेगळा ५ व्होल्टचा चार्जर द्या.

२२. बिल किती वाढेल?

प्रश्न २ मधला १२० वॅटचा हॉल रोज पाच तास लावला तर ०.६ युनिट, महिन्याला १८, ड्रायव्हरमधे जाणारे धरून वीसच्या आसपास. ओट्याची दोन मीटर पट्टी, २५ वॅट, रोज चार तास, महिन्याला तीन युनिट. तुमच्या बिलावरचा दर लावून गुणा.

२३. बटण बंद केलं तरी पट्टी मिणमिणते किंवा मधूनच चमकते. भुताटकी आहे का म्हणते आजी.

आजींना सांगा काही नाही, दोन कारणं असतात. एक, वायरमनने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलंय, हे धोक्याचं आहे, बंद असतानाही वर करंट असतो, लगेच बदलून घ्या. दोन, बटणात बारीक लाल दिवा आहे, त्यातून थोडा करंट झिरपतो, ड्रायव्हरचा कपॅसिटर हळूहळू भरतो आणि एकदा चमकून रिकामा होतो. दिवा नसलेलं बटण लावलं की थांबतं. बंद केल्यावर एक-दोन सेकंद हळू विझणं मात्र नेहमीचं आहे.

चालू असताना ठरावीक वेळाने बंद-चालू होत असेल तर ड्रायव्हर ओझ्याखाली आलाय, प्रश्न ८. फक्त इन्व्हर्टरवर असताना आवाज येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, त्यावर पट्टी चालवू नका, साईन वेव्हवर त्रास नाही.

२४. कोव्हमधे पाली आणि किडे होतात, खरं आहे का?

होतात. किडे उजेडाला येतात, पाली किड्यांना. निळसर पांढऱ्यावर किडे जास्त येतात, ३००० वर कमी. कोव्हच्या पोकळीला भिंतीत वायरीसाठी पाडलेली भोकं भरून घ्या, आणि सहा महिन्यांनी एकदा लांब ब्रशने मेलेले किडे झाडून घ्या, त्यांचा थर बसला की छतावर काळे ठिपके दिसतात.

२५. पट्टीचा एक मीटर जळला. नवीन तुकडा आणला तर रंगच जुळत नाही, दोन्हीवर ३००० लिहिलंय.

३००० हा आकडा एकाच घाण्याचा नसतो, प्रत्येक लॉटमधे थोडा मागे-पुढे होतो, आणि जुनी पट्टी वापरून मंदही झालेली असते. त्यामुळे नवा तुकडा मधे घालू नका. आख्खी एक बाजू नवी करा आणि त्या बाजूची निघालेली चांगली पट्टी कापून जळलेल्या ठिकाणांसाठी राखून ठेवा, जुन्याला जुनं जुळतं. नवीन काम असेल तर सगळे रोल एकाच दिवशी, एकाच लॉटचे घ्या, रोलच्या पाकिटावर लॉट नंबर असतो, आणि एक-दोन मीटर जास्तीची घेऊन, पाकिटासकट, ड्रायव्हरच्या शेजारी ठेवा. सुटी मीटरवर हवी असेल तर मुंबईत लोहार चाळ आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळते, जुना तुकडा सोबत घेऊन जा आणि दोन्ही शेजारी लावून, पांढऱ्या कागदावर उजेड पाडून बघा.